क्षमा मिळूनही मन मोकळे होईना
संत इग्नेशियस लोयोला यांच्या जीवनातील एक कठीण वर्ष



३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. येशूसंघाचे संस्थापक आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे मित्र व मार्गदर्शक म्हणून आपण त्यांना लहानपणापासून ओळखतो. चित्रातील त्यांची काळ्या झग्यातील शांत मूर्तीही आपल्या परिचयाची आहे. परंतु हाच खंबीर माणूस एके काळी आपल्या जुन्या पापांच्या आठवणीने इतका खचला होता की, जगणेच नकोसे व्हावे. ही गोष्ट प्रवचनांतून फारशी सांगितली जात नाही. आज तीच सांगावी असे वाटते.

त्याला कारण आहे. आपल्यापैकी अनेक जण प्रायश्चित्त संस्कार घेतात. पापे सांगून होतात, धर्मगुरू पापक्षमा देतात, सांगितलेली प्रार्थनाही म्हणून होते. तरी चर्चच्या पायऱ्या उतरताना मनात शंका डोकावते. सगळे नीट सांगितले का? अमुक गोष्ट पुरेशी स्पष्ट केली का? देवाने खरोखरच क्षमा केली असेल का? काही जण या शंकेपोटी तेच पाप पुन्हा पुन्हा सांगत राहतात. काही जण त्याच शंकेला कंटाळून वर्षानुवर्षे या संस्काराकडे फिरकतच नाहीत. संस्काराच्या गुप्ततेमुळे धर्मगुरूने याविषयी कोणाचेही उदाहरण देता कामा नये. संत इग्नेशियस यांनी मात्र आपली कहाणी स्वतःच सांगून ठेवली आहे. १५५३ ते १५५५ या काळात रोममध्ये त्यांनी ती फादर लुईस गोन्साल्विस दा कामारा यांना तोंडी सांगितली. तिच्याच आधाराने पुढे लिहीत आहे.

शूर शिपाई

स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतात, आस्पेइतिया गावाजवळच्या लोयोला वाड्यात १४९१ साली त्यांचा जन्म झाला. घरातले ते शेंडेफळ. मूळ नाव इनिगो. आई लवकर वारली आणि गावातल्या एका लोहाराच्या बायकोने त्यांना अंगावर पाजून वाढवले. पुढे कास्तील राज्याच्या खजिनदाराच्या घरी राहून ते दरबारी रीतिरिवाज शिकले. छानछोकीचे कपडे, तलवारबाजी, जुगार, स्त्रियांची मने जिंकण्याची हौस, असे ते दिवस होते. १५१५ साली कार्निव्हलच्या दिवसांत रात्रीच्या वेळी केलेल्या एका गंभीर गुन्ह्यासाठी त्यांच्यावर खटलाही झाला. सोबत त्यांचा धर्मगुरू असलेला सख्खा भाऊही होता. अशा घरात, अशा वातावरणात हा संत वाढला, हे आपण लक्षात ठेवावे.

१५२१ साली फ्रेंच सैन्याने पाम्प्लोना शहरावर हल्ला केला. किल्ल्यातले बाकीचे अधिकारी शरण जाण्याच्या विचारात होते. इनिगो यांनी मात्र लढण्याचा हट्ट धरला. लढाईला तोंड फुटण्यापूर्वी जवळ धर्मगुरू नव्हता, म्हणून त्यांनी एका सोबत्याजवळच आपली पापे सांगितली. त्या काळी संकटसमयी अशी प्रथा होती. २० मे रोजी तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला, डावाही जखमी झाला आणि किल्ला पडला. शत्रूनेच उपचार करून त्यांना पालखीतून घरी पोचवले.

पाय नीट बसला नव्हता, म्हणून हाड पुन्हा मोडून बसवावे लागले. त्यात ते मरणाच्या दारी जाऊन आले. जीव वाचला, पण गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. नक्षीदार, घट्ट बूट घालता येणार नाहीत म्हणून त्यांनी तो उंचवटा करवतीने कापून घेतला. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. निव्वळ ऐटीसाठी त्यांनी ही यातना सोसली. हा हट्टी स्वभाव ध्यानात ठेवा, कारण पुढे तोच त्यांना फार जड गेला.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचायला शूरवीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात तशी पुस्तके नव्हती. मिळाली ती दोन, एक ख्रिस्तचरित्र आणि दुसरे संतांच्या चरित्रांचे पुस्तक. वाचता वाचता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. दरबार, पराक्रम आणि एका थोर घराण्यातील स्त्री यांची स्वप्ने रंगवताना मजा वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संत फ्रान्सिस, संत डॉमिनिक यांच्यासारखे जगण्याचा विचार केला की, तो आनंद नंतरही टिकून राही. विचाराची पारख त्याच्या सुरुवातीवरून नव्हे, तर तो मागे काय ठेवून जातो यावरून करावी, हा पहिला धडा ते तिथे शिकले.

मोन्सेरात येथील तीन दिवस

१५२२ च्या मार्च महिन्यात ते मोन्सेरातच्या डोंगरावरील पवित्र मरियेच्या तीर्थस्थानी पोचले. तिथे त्यांनी साऱ्या आयुष्याची पापे लिहून काढली आणि एका धर्मगुरूंजवळ ती सांगितली. हे पापनिवेदन तीन दिवस चालले! त्यानंतर त्यांनी आपले भारी कपडे एका भिकाऱ्याला दिले, अंगावर गोणपाटाचा झगा चढवला, तलवार व खंजीर पवित्र मातेच्या वेदीजवळ ठेवले आणि २४ मार्चची संपूर्ण रात्र तिच्यासमोर जागून काढली. दुसऱ्या दिवशी मरियेला दिलेल्या देवदूताच्या संदेशाचा सण होता. मोठ्या समाधानाने ते डोंगर उतरले.

इथेच गोष्ट संपली असती, तर ती आपल्यासारख्यांच्या फारशा उपयोगाची नव्हती. खरी झुंज पुढे आहे.

मान्रेसा

जवळच्या मान्रेसा गावी चार दिवस थांबून पुढे जायचे, असा त्यांचा बेत होता. ते तिथे सुमारे अकरा महिने राहिले. भीक मागून जेवायचे, मांस व दारू वर्ज्य, केस आणि नखे वाढू द्यायची, दररोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना, असा त्यांचा क्रम होता. सुरुवातीचे काही महिने मन शांत होते. मग शंकांनी घेरायला सुरुवात केली.

मोन्सेरात येथे सगळे काळजीपूर्वक, तेही लिहून सांगितले होते. तरीही काही राहून गेले, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी ते पुन्हा सांगितले, पण समाधान होईना. कॅथेड्रलमध्ये प्रवचन देणारे एक विद्वान व धार्मिक गृहस्थ होते. आठवेल ते सारे पुन्हा लिहून काढा, असे त्यांनी सुचवले. इनिगो यांनी तेही केले. शंका परत आल्या, आणि आता त्या आणखी बारीक होत्या. कपड्यावरचा डाग पुसता पुसता पसरत जावा, तसे झाले.

मागचे काहीही सांगू नका, असे धर्मगुरूंनी येशूच्या नावाने बजावले तर सुटका होईल, असे त्यांना मनातून वाटे. पण हे सुचवण्याचे धैर्य होईना. अखेर धर्मगुरूंनी स्वतःहूनच सांगितले की, अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांगा, बाकी मागचे सोडून द्या. पण इनिगो यांना प्रत्येकच गोष्ट स्पष्ट वाटत होती. त्यामुळे त्या सवलतीचाही उपयोग झाला नाही. कित्येक महिने असे गेले.

तेव्हा ते डॉमिनिकन मठात एका छोट्या खोलीत राहत होते. निराशा इतकी वाढली की, आपले जीवनच संपवावे, असे विचार जोराने मनात येऊ लागले. ते पाप आहे हे ठाऊक असल्यामुळे, देवाला दुखावणारे काही करणार नाही, असे ते मोठ्याने ओरडून पुन्हा पुन्हा सांगत. वाट दाखवायला एखादे कुत्र्याचे पिल्लू पुढे चालले, तरी मी त्याच्या मागे जाईन, अशी विनवणी त्यांनी देवाला केली. बूट शोभावेत म्हणून हाड कापून घेणारा तो मानी सरदार आता पिल्लाच्या मागे जायला तयार होता. बंधू-भगिनींनो, देवाच्या कृपेला आत शिरायला एवढी फट पुरते.

सुटका

मग त्यांना एका संताची गोष्ट आठवली. त्या संताने मागणे मान्य होईपर्यंत उपवास केला होता. इनिगो यांनीही अन्नपाणी सोडले. रविवारपासून रविवारपर्यंत आठवडाभर त्यांच्या तोंडात घास गेला नाही. प्रार्थना व उपासना मात्र चालूच होती. पुढच्या रविवारी त्यांनी हे धर्मगुरूंना सांगितले. धर्मगुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा केली. अंगात अजून बळ आहे असे वाटत असूनही त्यांनी ती मानली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मन शंकामुक्त राहिले.

मंगळवारी प्रार्थनेत मात्र पुन्हा तेच सुरू झाले. एका पापाला दुसरे, दुसऱ्याला तिसरे, अशी माळ ओवली जाऊ लागली आणि सगळे परत सांगावे असे वाटू लागले. पण या वेळी त्या विचारांच्या शेवटी त्यांना हे सारे भक्तिजीवन सोडून द्यावे, असा उबग आला. तिथेच ते जागे झाले. लोयोला येथे शिकलेला धडा कामी आला. ज्या विचाराचा शेवट प्रार्थना सोडण्यात होतो, तो विचार वरून कितीही पवित्र दिसला, तरी देवाकडून आलेला नसतो, हे त्यांना लख्ख दिसले. मागील पापांपैकी एकही पुन्हा सांगायचे नाही, असा त्यांनी त्या क्षणी निश्चय केला. त्या दिवसापासून त्या शंका गेल्या. प्रभूने केवळ आपल्या दयेने आपल्याला सोडवले, अशी त्यांची पुढे कायम खात्री होती.

इथे क्रम नीट पाहू या. आपल्याला क्षमा झाली आहे असे आधी वाटले आणि मग त्यांनी निश्चय केला, असे झाले नाही. आधी त्यांनी आज्ञा पाळली, मग विचाराची पारख केली, मग देवाच्या दयेवर भरवसा टाकला, आणि त्यानंतर मन शांत झाले. आपण बहुधा उलट करतो. मन शांत झाल्यावर विश्वास ठेवू, असे म्हणत थांबून राहतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला खात्रीचे निरनिराळे प्रकार शिकवले होते. दोन आणि दोन चार, ही एक प्रकारची खात्री. आईने वाढलेला भात चांगला आहे, ही दुसऱ्या प्रकारची. तो भात कोणी प्रयोगशाळेत तपासून जेवत नाही. आईवरचा विश्वास पुरेसा असतो, आणि ही खात्री गणिताच्या खात्रीपेक्षा हलकी नसते. देवाच्या क्षमेबाबत शंकेखोर मन गणिताची खात्री मागते. क्षमा ही दुसऱ्याने दिलेली देणगी आहे. ती मोजून नव्हे, तर शब्दावर विश्वास ठेवून घ्यायची असते. इनिगो हिशेब पूर्ण करू पाहत होते. हिशेब तर प्रभू येशूने क्रूसावर केव्हाच चुकता केला होता. स्वतःचा न्याय स्वतःच करण्याचा हट्ट हाही एक अहंकारच असतो, जरी तो नम्रतेच्या वेषात आला तरी.

सुटकेनंतर कार्दोनेर नदीच्या काठी बसले असताना त्यांना विश्वासाची रहस्ये नव्या प्रकाशात दिसली. शाळामास्तराने मुलाला शिकवावे, तसे देव आपल्याला शिकवत होता, असे ते सांगत. आणखी एक साधी गोष्ट झाली. वाढवलेले केस आणि नखे त्यांनी कापून टाकली व ते पुन्हा मांस खाऊ लागले. स्वतःला शिक्षा करणे संपले आणि इतरांना मदत करणे सुरू झाले.

मित्रांसाठी औषध

पुढे जेरुसलेमची यात्रा करून आल्यावर, वयाच्या तिशीनंतर, ते बार्सेलोनात लहान मुलांबरोबर बसून लॅटिन शिकले. १५२८ साली ते पॅरिसला गेले. तिथे सेंट बार्बरा महाविद्यालयात त्यांच्या खोलीत दोन तरुण होते. एक फ्रान्सिस झेवियर आणि दुसरे सव्हॉय प्रांतातील पीटर फेबर. फेबर लहानपणी मेंढरे राखत. स्वभावाने गरीब आणि मनाने भित्रे. आपले पापनिवेदन पूर्ण झालेले नाही, या विचाराने तेही पोखरले गेले होते. या शंकांतून सुटायला रानात जाऊन कायम पाला खाऊन राहायचीही त्यांची तयारी होती. इग्नेशियस यांनी त्यांना घाई केली नाही. एकदा संपूर्ण आयुष्याचे पापनिवेदन करायला लावले. नंतर दर आठवड्याला पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद आणि रोज थोडे आत्मपरीक्षण, एवढेच ठरवून दिले. १५३४ साली फेबर धर्मगुरू झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी व्रत घेतले, तेव्हा मिस्सा त्यांनीच अर्पण केली. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले.

१५३५ साली इग्नेशियस आस्पेइतियाला परत आले. वीस वर्षांपूर्वी याच भागात त्यांची बेअब्रू झाली होती. भावाने वाड्यात राहण्याचा आग्रह केला, पण ते गरिबांच्या धर्मशाळेत राहिले, दारोदार भीक मागितली, मुलांना धर्मशिक्षण दिले आणि गावातील गरिबांना नियमित मदत मिळण्याची व्यवस्था लावली. क्षमा मिळालेला माणूस आपले देणे विसरत नाही. फक्त ते तो भीतीने नव्हे, तर प्रेमाने फेडतो.

पोप तिसरे पॉल यांनी २७ सप्टेंबर १५४० रोजी येशूसंघाला मान्यता दिली. त्याआधीच झेवियर रोमहून निघाले होते. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले, पुढे वसईलाही येऊन गेले. त्याच येशूसंघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. मान्रेसाच्या त्या छोट्या खोलीत एक माणूस निराशेला बळी पडला असता, तर आपल्या किनाऱ्यावरचा विश्वासाचा इतिहासही वेगळा झाला असता.

आपल्यासाठी

आपल्या अनुभवातून इग्नेशियस यांनी ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ तयार केला. १५४८ साली पोपमहोदयांनी त्याला मान्यता दिली. त्यात मनाला टोचणाऱ्या शंकांविषयी काही सूचना आहेत. त्यांचा सारांश असा की, नुकत्याच परिवर्तन झालेल्या माणसाला अशा शंका थोडा काळ उपयोगी ठरतात, कारण त्या मन धुऊन काढतात. परंतु सैतान प्रत्येकाचा स्वभाव पाहतो. ज्याची सदसद्विवेकबुद्धी बोथट आहे, तिला तो आणखी बोथट करतो. जिची आधीच नाजूक आहे, तिला इतकी नाजूक करतो की, ती मोडून पडावी. म्हणून बेफिकीर माणसाने अधिक जागरूक व्हावे आणि घाबरट माणसाने थोडे सैल व्हावे. औषध एकच नाही.

आपणही स्वतःला तपासून पाहू या. शेजाऱ्याचा बांध कोरला असेल, कामगाराची मजुरी बुडवली असेल, भावाशी अबोला धरला असेल, तर मनाला लागणारी टोचणी खरी आहे. ती शंका म्हणून झटकू नये. जाऊन बांध मोकळा करावा, मजुरी द्यावी, भावाचे दार ठोठवावे आणि प्रायश्चित्त संस्कार घ्यावा. परंतु मनापासून सांगितलेले आणि क्षमा झालेले पाप पुन्हा उकरून काढू नये. प्रामाणिक आत्मपरीक्षण करूनही एखादे पाप सांगायचे अनवधानाने राहिले असेल, तर त्याचीही क्षमा झालेली असते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ते गंभीर पाप पुढे आठवले, तर पुढच्या वेळी एकदा सांगावे आणि निश्चिंत व्हावे. शंका सतावत असतील, तर नेहमी एकाच धर्मगुरूकडे जावे आणि ते सांगतील ते ऐकावे.

आणखी एक सांगणे अगत्याचे आहे. कधी कधी अशा शंका हे मनाच्या आजाराचेही लक्षण असते, हे आज वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे आणि त्यावर उपचारही आहेत. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. आणि जगणे नकोसे वाटण्यापर्यंत कोणाचे मन गेले असेल, तर त्याने एकटे राहू नये. घरच्यांना सांगावे, डॉक्टरांना भेटावे, माझ्याकडे यावे. त्यासाठी कोणतीही वेळ अवेळ नाही. इग्नेशियसदेखील एकट्याच्या बळावर सुटले नाहीत. त्यांनी आपली अवस्था दुसऱ्याला सांगितली आणि त्याचे ऐकले.

३१ जुलै १५५६ रोजी पहाटे रोममध्ये त्यांनी देह ठेवला. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना आणि झेवियर यांना एकाच दिवशी संतपद बहाल करण्यात आले. मृत्यूपूर्वी काही वर्षे फादर दा कामारा यांना आपली जीवनकहाणी सांगताना त्यांनी तरुणपणीची पापेही न लपवता, स्पष्टपणे सांगितली. पूर्वी ज्या आठवणींनी झोप उडवली होती, त्याच आता देवाच्या दयेच्या साक्षी झाल्या होत्या. क्षमा झाली म्हणजे आठवण पुसली जाते, असे नाही. तिच्यातले विष तेवढे उतरते.

या आठवड्यात आपणही चर्चमध्ये क्रूसासमोर थोडा वेळ बसू या. जुने गाठोडे घरी परत न नेता तिथेच ठेवून येऊ या. बऱ्याच दिवसांत संस्काराला आला नसाल, तर निःसंकोच या. किती वर्षांनी आलात, असे विचारून कोणी तुम्हाला लाजवणार नाही.

संत इग्नेशियस, आम्हासाठी विनंती करा.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू